शातो द विलाँद्री

शातो द विलाँद्री ही फ्रान्समधील एंद्र-ए-लोआर विभागातील विलाँद्री या लहानशा गावातली प्रबोधनकालीन गढी आहे. तूर शहराच्या पश्चिमेस सुमारे १५ किलोमीटरवर, शेर नदीच्या खोऱ्याला लागून ती उभी आहे. लोआर नदीच्या परिसरात राजे, दरबारी आणि खजिनदार यांनी सोळाव्या शतकात ज्या भव्य वास्तू उभारल्या, त्यांतील ही अखेरच्या काळातील मानली जाते. तथापि विलाँद्रीची आजची कीर्ती मुख्यतः तिच्या बागेमुळे आहे. भौमितिक वाफे, कातरलेली कुंपणे आणि रंगसंगतीने लावलेला भाजीमळा यांमुळे ही बाग प्रबोधनकालीन फ्रेंच उद्यानकलेचा नमुना म्हणून जगभर ओळखली जाते. प्रत्यक्षात मात्र आज दिसणारी बाग विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत नव्याने आखलेली आहे. गढी सोळाव्या शतकातील आणि बाग विसाव्या शतकातील, हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय या स्थळाचा वास्तुइतिहास नीट कळत नाही.

नाव आणि स्थान

'शातो' या फ्रेंच शब्दाचा अनुवाद मराठीत सहसा 'किल्ला' असा केला जातो. तो पुरता समर्पक नाही. मध्ययुगात या शब्दाने तटबंदी असलेल्या लढाऊ वास्तूचा बोध होई. पुढे सरदारांची खेड्यातील ऐसपैस निवासस्थानेही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. गावाला लागून असलेले, मूळच्या संरक्षक वास्तूतून निवासात रूपांतर पावलेले आणि आजूबाजूच्या जमिनीवर हक्क सांगणारे घर या अर्थाने 'गढी' हा मराठी शब्द विलाँद्रीच्या संदर्भात अधिक जवळचा ठरतो.

गावाचे जुने नाव कोलोंबिए असे होते. सतराव्या शतकात ते मागे पडून विलाँद्री हे नाव रूढ झाले. गढीच्या एका बाजूला टेकडीचा उतार आणि दुसऱ्या बाजूला नदीकाठची सपाट जमीन अशी येथील भूरचना आहे. शेर नदी थोड्याच अंतरावर लोआरला मिळते. या उतारामुळेच बागेला एकाखाली एक असे टप्पे देणे आणि वरच्या टप्प्यावरील पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली आणणे शक्य झाले. बागेच्या मागे गावातील मध्ययुगीन चर्चचा मनोरा दिसतो. भाजीमळ्याची बहुतेक प्रसिद्ध छायाचित्रे त्याच दिशेने घेतलेली असतात.

मध्ययुगीन कोट

सोळाव्या शतकापूर्वी या जागी एक मध्ययुगीन कोट होता. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस यांच्यात ४ जुलै ११८९ रोजी झालेला तह याच ठिकाणाशी जोडला जातो आणि 'कोलोंबिएचा तह' म्हणून ओळखला जातो. त्या वेळी हेन्री आजाराने जर्जर झाला होता. त्याचा मुलगा रिचर्ड फिलिपला जाऊन मिळाला होता, त्यामुळे फ्रेंच राजाच्या अटी मान्य करण्यावाचून हेन्रीपुढे पर्याय उरला नव्हता. त्यानंतर दोनच दिवसांनी शिनों येथे त्याचे निधन झाले.

या कोटाचा आज एकच महत्त्वाचा अवशेष उरला आहे, तो म्हणजे चौकोनी बुरूज. नव्या गढीच्या एका कोपऱ्यात तो सामावून घेण्यात आला. आसपासच्या नाजूक कोरीवकामाच्या इमारतीत हा जाड भिंतींचा बुरूज काहीसा परका वाटतो. तो का राखला गेला असावा, हे समजण्यासाठी त्या काळातील सरदारी मानसिकता लक्षात घ्यावी लागते. बुरूज हे जमिनीवरील जुन्या हक्काचे चिन्ह होते. नव्याने श्रीमंत झालेल्या अधिकाऱ्याला असे चिन्ह विकत मिळत असेल तर ते पाडून टाकण्याचे कारण नव्हते.

ल ब्रेतों यांची गढी

राजा पहिला फ्रांस्वा याच्या कारकिर्दीत अर्थव्यवहार सांभाळणाऱ्या जाँ ल ब्रेतों यांनी १५३२ मध्ये ही मालमत्ता विकत घेतली. त्यांनी बुरूज आणि पायाचा काही भाग वगळता जुना कोट पाडून टाकला आणि सुमारे १५३६ पर्यंत नवी गढी उभी केली. ल ब्रेतों यांना बांधकामाचा अनुभव होता. शाँबोर येथील राजाच्या प्रचंड वास्तूच्या कामावर त्यांनी देखरेख केली होती आणि शाँबोरच्या जवळच विलसाव्हँ येथे स्वतःसाठी एक लहान गढीही बांधली होती. ते राजाचे वकील म्हणून इटलीतही राहिले होते आणि तेथील बागांचा त्यांच्यावर प्रभाव पडला, असे गढीच्या इतिहासात सांगितले जाते.

इमारतीचा आराखडा इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आहे. मधली मुख्य इमारत आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले दोन भाग मिळून एक मानाचा चौक तयार होतो. या चौकाची चौथी बाजू उघडी असून तिकडून नदीच्या खोऱ्याचा देखावा दिसतो. बाजूच्या भागांत तळमजल्यावर कमानींच्या ओवऱ्या आहेत. वरच्या खिडक्यांना दगडी उभ्या-आडव्या दांड्यांनी क्रुसासारखे विभागलेले आहे. त्यांच्या दोन्ही अंगांना भिंतीत अर्धवट रुतलेले चपटे खांब असून ते मजल्यांवरून थेट छपरापर्यंत नजर नेतात. पाटीच्या दगडाच्या उंच, उतरत्या छपरातून कोरीव चौकटींच्या खिडक्या डोकावतात. भिंतींसाठी या खोऱ्यात सर्वत्र वापरला जाणारा, मऊ व पांढुरका 'त्यूफो' हा चुनखडीचा दगड वापरला आहे. तो कोरायला सोपा असल्याने लोआर परिसरातील गवंड्यांच्या कोरीवकामाला त्याने मोठा हातभार लावला. पण तोच दगड हवापाण्याने लवकर झिजतोही.

पूर्वीच्या गढ्यांत, उदाहरणार्थ जवळच्याच आझे-ल-रिदो येथे, कोपऱ्यांवर टोकदार छपरांचे नाजूक मनोरे आणि तटावरील जंग्यांची आठवण करून देणाऱ्या नक्षीच्या पट्ट्या दिसतात. लढाईचा काळ संपला होता, तरी लढाऊ रूपाची हौस टिकून होती. विलाँद्रीत हे सारे गाळले आहे. इटालियन धर्तीचा सजावटीचा पसाराही येथे बेताचाच आहे. उरते ती साध्या, नेमक्या रेषांची फ्रेंच वास्तुशैली. पुढील पिढ्यांतील इमारतींची पूर्वचिन्हे तिच्यात दिसतात. साधेपणा असला तरी काटेकोर सममिती मात्र नाही. दोन बाजू एकमेकींचे तंतोतंत प्रतिबिंब नाहीत, आणि कोपऱ्यातला जुना बुरूज तोल आणखी बिघडवतो. वास्तूला रुक्षपणा येऊ न देण्याचे बरेचसे श्रेय या अनियमिततेलाच द्यावे लागेल. गढीभोवती पाण्याचा खंदक आहे. तो शत्रूला थोपवण्यापेक्षा इमारतीचे प्रतिबिंब दाखवण्याच्या अधिक उपयोगाचा होता.

ल ब्रेतों यांच्या काळात येथे बाग होती, हे निश्चित. परंतु ती नेमकी कशी होती, हे दाखवणारा त्या काळचा आराखडा हाती नाही. जाक आँद्रुए द्यु सेर्सो यांनी १५७६ आणि १५७९ मध्ये दोन खंडांत फ्रान्समधील उत्तमोत्तम इमारतींची ताम्रपट चित्रे प्रसिद्ध केली. ब्ल्वा, अँब्वाज, गायों, ब्युरी अशा अनेक ठिकाणच्या बागा या चित्रांमुळे आज समजतात. विलाँद्रीचा समावेश मात्र त्यांनी केला नाही. चार शतकांनंतर ही उणीव फार महत्त्वाची ठरली.

अठरावे आणि एकोणिसावे शतक

ल ब्रेतों घराण्याकडून ही मालमत्ता १७५४ मध्ये मार्की द कास्तेलान यांच्याकडे गेली. दक्षिणेकडील प्रोव्हाँस प्रांतातील जुन्या घराण्यात जन्मलेले हे गृहस्थ राजाचे वकील म्हणून ऑटोमन दरबारात होते. सोळाव्या शतकातील दगडी, थंड आणि मोठ्या दालनांची गढी अठराव्या शतकातील सुखवस्तू माणसाला राहण्यास गैरसोयीची वाटणे स्वाभाविक होते. कास्तेलान यांनी अंतर्भागाची पुनर्रचना केली, काही दालनांना कोरीव लाकडी तावदाने बसवली, लोखंडी जाळीकामाचे कठडे असलेला रुंद जिना बांधला आणि जेवणघराला आपल्या प्रांताची आठवण करून देणारी गुलाबी सजावट व कारंजे दिले. त्याच वेळी ओवऱ्यांच्या कमानी बंद झाल्या आणि दगडी दांड्यांच्या जुन्या खिडक्यांची जागा नव्या धर्तीच्या खिडक्यांनी घेतली. गढीबाहेर त्यांनी अभिजात शैलीत जोडइमारती उभारल्या. त्या आजही आहेत. वरच्या टप्प्यावरील मोठा जलाशयही याच काळातील अभिरुचीचा निदर्शक आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीत ही मालमत्ता जप्त झाली. नेपोलियनच्या काळात ती काही वर्षे त्याचा भाऊ जेरोम बोनापार्त याच्याकडे होती. पुढे एँगेरलो घराण्याच्या मालकीत एकोणिसाव्या शतकातील बराच काळ गेला. या शतकात युरोपभर 'इंग्रजी बागे'ची आवड पसरली होती. सरळ रेषा, कातरलेली झाडे आणि चौकोनी वाफे आता कृत्रिम मानले जाऊ लागले. त्यांच्या जागी वळणदार वाटा, हिरवळीचे उतार आणि दूरदेशीच्या वृक्षांचे मोकळे समूह आले. विलाँद्रीतही जुने टप्पे आणि वाफे मोडून गढीभोवती असाच वृक्षराजीचा बगीचा तयार झाला. त्याची झाडी इतकी वाढली की गढीचा बराच भाग तिच्याआड गेला.

कार्वालो दांपत्य

विसाव्या शतकाच्या प्रारंभी गढी पाडून टाकली जाण्याची भीती निर्माण झाली होती. अशा वेळी १९०६ मध्ये जोआकिम कार्वालो आणि त्यांच्या पत्नी ॲन कोलमन यांनी ती विकत घेतली. जोआकिम कार्वालो यांचा जन्म १८६९ मध्ये स्पेनमधील एक्स्त्रेमादुरा प्रांतातील डॉन बेनितो येथे झाला. ते वैद्यकाचे पदवीधर होते. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल रिशे यांच्या पॅरिसमधील प्रयोगशाळेत ते पचनक्रियेवर संशोधन करीत. ॲन कोलमन या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातील लोखंड उद्योजकांच्या घराण्यातील होत्या. त्याही रिशे यांच्याच प्रयोगशाळेत काम करीत असत. तेथेच दोघांची ओळख झाली आणि १८९९ मध्ये त्यांनी विवाह केला. गढीचा पुढील सारा खर्च मुख्यतः ॲन यांच्या संपत्तीतून झाला. विलाँद्रीचा इतिहास सांगताना त्यांचे नाव बहुधा पतीच्या नावामागे येते, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

स्पॅनिश चित्रांचा त्यांचा संग्रह वाढत होता आणि त्यासाठी ऐसपैस जागा हवी होती. पण गढी ताब्यात आल्यावर कार्वालो यांनी विज्ञानाचे काम हळूहळू सोडले आणि उरलेले आयुष्य या वास्तूला दिले. बंद केलेल्या ओवऱ्या मोकळ्या करण्यात आल्या आणि खिडक्यांना दगडी दांड्या पुन्हा बसवण्यात आल्या. अठराव्या शतकातील बाह्य बदल काढून टाकून सोळाव्या शतकातील रूप परत आणणे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. अंतर्भागातील कास्तेलान यांची दालने मात्र बहुतांशी ठेवली गेली.

याच काळात गढीत एक अनपेक्षित भर पडली. स्पेनमधील टोलेडोच्या परिसरात पंधराव्या शतकात बांधलेला एक सरदारी वाडा विसाव्या शतकाच्या आरंभी पाडण्यात आला आणि त्याच्या चार लाकडी तक्तपोशी विकल्या गेल्या. त्यांतील एक कार्वालो यांनी मिळवून विलाँद्रीच्या दालनात बसवली. इतर जगातील निरनिराळ्या वस्तुसंग्रहालयांत गेल्या. ख्रिस्ती सत्तेखालील स्पेनमध्ये मुस्लिम कारागिरीच्या परंपरेतून घडलेल्या 'मुदेहार' शैलीची ही तक्तपोशी आहे. तिच्यात रंगवलेल्या व सोनेरी मुलामा दिलेल्या लाकडाचे तीन हजारांहून अधिक तुकडे असून ते जुळवून बसवण्यास सुमारे वर्षभर लागले. फ्रेंच प्रबोधनकाळाचे शुद्ध रूप शोधणाऱ्या मालकाने आपल्याच घरात टोलेडोचे छत चढवावे, यातील विसंगती उघड आहे. तथापि बागेचा इतिहास समजण्यासाठी हीच विसंगती उपयोगी पडते.

बागेची पुनर्रचना : पुरावा आणि अनुमान

बागेचे काम १९०८ मध्ये सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. प्रथम इंग्रजी धर्तीचा बगीचा तोडण्यात आला, मातीचे भराव काढण्यात आले आणि उतारावरील टप्पे पुन्हा आखण्यात आले. काम करताना जुन्या भिंतींचे आणि पाण्याच्या नळांचे अवशेष सापडले. त्यांवरून टप्प्यांची सर्वसाधारण मांडणी ठरवता आली. पण वाफ्यांच्या आत कोणती आकृती होती, कोणत्या रोपांची कुंपणे होती, भाज्या कोठे आणि फुले कोठे होती, हे या अवशेषांवरून कळणे शक्य नव्हते.

ही पोकळी भरण्यासाठी कार्वालो यांनी दोन प्रकारच्या साधनांचा आधार घेतला. पहिले साधन म्हणजे द्यु सेर्सो यांची चित्रे. त्यांत विलाँद्री नसले, तरी समकालीन गढ्यांच्या बागांत चौकोनी वाफे, त्यांभोवतीचे लाकडी कठडे आणि वेलींचे मांडव कसे असत, हे दिसते. दुसरे साधन सतराव्या शतकात काढलेल्या बेनेडिक्टिन मठांच्या चित्रांचा 'मोनास्टिकॉन गॅलिकानुम' हा संग्रह होय. मठांतील क्रुसाच्या आकारात विभागलेल्या भाजीमळ्यांची कल्पना त्यातून घेता आली. थोडक्यात, कार्वालो यांनी विलाँद्रीची बाग शोधून काढली नाही. विलाँद्रीसारख्या ठिकाणी सोळाव्या शतकात कशी बाग शोभली असती, याचे अभ्यासपूर्ण अनुमान त्यांनी जमिनीवर उतरवले.

सजावटीच्या बागेत तर हे अनुमानही मागे पडते. तेथील आकृत्या आखण्यात आंतोनियो लोझानो आणि सेव्हिल येथील चित्रकार हावियेर दे विंथुयसेन या स्पॅनिश कलावंतांचा हात होता. दाट, रुंद, कमरेएवढ्या उंचीच्या हिरव्या भिंतींतून आकृती उठवण्याची त्यांची पद्धत द्यु सेर्सो यांच्या चित्रांतील बारीक नक्षीपेक्षा अंदालुसियातील बागांना अधिक जवळची आहे. फ्रेंच प्रबोधनकाळाचे प्रतीक म्हणून पाठ्यपुस्तकांत छापली जाणारी ही बाग अशा रीतीने अमेरिकन संपत्तीतून, स्पॅनिश दृष्टीने आणि विसाव्या शतकात घडलेली आहे.

त्या काळी कार्वालो एकटे नव्हते. आँरी दुशेन आणि त्यांचा मुलगा आशिल हे उद्यानरचनाकार फ्रान्समधील अनेक जुन्या मालमत्तांवर सरळ रेषांच्या बागा पुन्हा आणत होते. इंग्रजी बागेविरुद्धची ही प्रतिक्रिया काही अंशी राष्ट्राभिमानातूनही आली होती. कार्वालो यांच्या बाबतीत तिला आणखी एक कारण होते. संशोधन सोडताना ते कॅथलिक श्रद्धेकडे वळले होते, आणि प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असणारी श्रेणीबद्ध व्यवस्था हाच समाजाचा आधार आहे, असे त्यांचे मत बनले होते. वर पाणी, मध्ये सजावट, खाली भाजी अशी टप्प्यांची बाग त्यांना या व्यवस्थेचे दृश्य रूप वाटे. वळणदार वाटांचा बगीचा त्यांना नुसता कुरूप वाटत नव्हता, तर गोंधळाचे लक्षण वाटत होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील वृक्षराजी तोडताना त्यांना फारसा संकोच झाला नाही. तो थर मात्र अस्सल होता, आणि त्याच्या जागी आलेला थर अनुमानाचा होता.

बागेची मांडणी

सर्व भाग मिळून बागेचे क्षेत्र सहा हेक्टरांहून अधिक आहे. सर्वांत वरच्या भागात जलउद्यान आहे. त्याच्या मध्यभागी पंधराव्या लुईच्या काळातील आरशाच्या चौकटीच्या आकाराचा मोठा जलाशय असून भोवती हिरवळ आणि लिंडन वृक्षांच्या रांगा आहेत. येथे रंग नाहीत, आकृत्याही नाहीत. पाणी आणि आकाश एवढेच आहे. दिसायला शांत असलेला हा जलाशय बागेचा पाणीसाठा आहे. त्यातील पाणी कालव्याने खाली येऊन लहानशा धबधब्यातून गढीच्या खंदकात उतरते. कारंजी आणि सिंचन यांनाही त्याचाच आधार आहे.

मधल्या टप्प्यावर, गढीच्या दालनांच्या पातळीत, सजावटीची बाग आहे. घरातील बैठकीच्या खोल्यांचा विस्तार अशी तिची कल्पना आहे. त्यातील 'प्रेमाची बाग' चार चौकोनांची आहे. कोमल प्रेमाच्या चौकोनात ज्वाळांनी विलग झालेली हृदये आणि नृत्यसमारंभात घातले जाणारे मुखवटे आहेत. उत्कट प्रेमात तीच हृदये भंगून गुंत्यात सापडली आहेत. चंचल प्रेमाच्या चौकोनात कोपऱ्यांवर पंखे, त्यांच्यामध्ये फसवल्या गेलेल्या पतीची शिंगे आणि मध्यभागी प्रेमपत्रे आहेत. शोकात्म प्रेमात खंजीर व तलवारींची पाती असून उन्हाळ्यात फुलणारी लाल फुले द्वंद्वयुद्धातील रक्त सुचवतात. शेजारी क्रुसांचे वाफे आहेत, आणि कालव्यापलीकडे वीणेसारख्या तंतुवाद्यांच्या आकृत्यांची 'संगीताची बाग' आहे. हे संकेत जमिनीवरून चालताना सहसा उलगडत नाहीत. बुरुजावरून किंवा उतारावरील सज्जावरून पाहिल्यासच ते ध्यानात येतात.

सर्वांत खाली भाजीमळा आहे, आणि अनेक अभ्यासकांच्या मते बागेचा सर्वांत मौलिक भाग हाच. हेक्टरभराच्या आसपास असलेल्या या जागेत सारख्या आकाराचे नऊ चौकोन आहेत. प्रत्येकाची आतील भौमितिक आकृती वेगळी. निळसर पातीचे कांदावर्गीय 'लीक', तांबडा कोबी, बीट, गाजराची पोपटी पाने अशा भाज्या येथे रंगपेटीतील रंगांसारख्या मांडल्या जातात. वाफ्यांच्या कडांना बॉक्सवूड या सदाहरित झुडपाच्या ठेंगण्या रेषा आहेत. हे झुडूप सावकाश वाढते आणि वारंवार कातरणी सोसते, म्हणून युरोपात आखीव बागांसाठी ते शतकानुशतके वापरले गेले. वाटांच्या छेदावर कारंजी आणि वेलींचे लहान मांडव आहेत. चौकोनांत सारख्या अंतरावर उंच खोडाचे गुलाब लावले आहेत. भाजीच्या वाफ्यांत काम करणाऱ्या मठवासीयांचे ते प्रतीक आहेत, असे परंपरेने सांगतात.

भाजी ही स्वयंपाकघरामागे दडवायची गोष्ट आहे, हा समज या मळ्याने मोडला. कार्वालो यांनी मठाचा उपयुक्त मळा आणि सरदाराची दिखाऊ बाग यांचा मेळ घातला. सोळाव्या शतकात विलाँद्रीत असे काही होते की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी विसाव्या शतकातील उद्यानकलेला ही कल्पना नवीन होती, आणि पुढे अनेकांनी तिचे अनुकरण केले.

याखेरीज औषधी व स्वयंपाकात लागणाऱ्या वनस्पतींची एक बाग, हॉर्नबीमच्या कुंपणांचे चक्रव्यूहासारखे कोडे आणि वरच्या भागातील सूर्यउद्यान असे भाग आहेत. सूर्यउद्यान २००८ मध्ये, पुनर्रचनेच्या शताब्दीनिमित्त तयार झाले. जोआकिम कार्वालो यांनी त्याची रेखाटने करून ठेवली होती. लुई बेनेश आणि आलिक्स द सें-व्हेनाँ यांनी त्यावरून ते आखले.

देखभाल

आखीव बाग ही एकदा बांधून संपणारी वास्तू नव्हे. भाजीमळ्यात वर्षातून दोन वेळा लागवड होते, एक वसंतात आणि दुसरी जूनमध्ये. दोन्ही वेळा रंगांचा नवा आराखडा करावा लागतो. तो करताना मुख्य माळ्याला केवळ रंग पाहून चालत नाही. एकाच कुळातील भाज्या त्याच जागी वर्षानुवर्षे घेतल्यास जमिनीचा कस उतरतो आणि रोग वाढतात. म्हणून त्रैवार्षिक फेरपालट पाळला जातो. साहजिकच यंदाच्या कोबीच्या चौकोनात पुढील वर्षी दुसऱ्या कुळातील भाजी येते, आणि रंगसंगतीचा सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

दरवर्षी फुले व भाज्या मिळून एक लाखाहून अधिक रोपे लागतात. त्यांतील सुमारे निम्मी गढीच्याच काचगृहांत वाढवली जातात. लिंडन वृक्षांची संख्या हजारावर आहे आणि त्यांच्या छाटणीत चार माळ्यांचा हिवाळ्यातील तीन महिन्यांहून अधिक काळ जातो. २००९ पासून भाजीमळा सेंद्रिय पद्धतीने राखला जातो. तणनाशकांऐवजी हाताने निंदणी होते आणि किडींवर त्यांच्या नैसर्गिक शत्रूंचा उपयोग केला जातो. कायम माळ्यांची संख्या दहाच्या आसपास आहे, हे लक्षात घेतल्यास कामाचा आवाका कळतो.

संरक्षण आणि मूल्यमापन

गढी व बाग १९२० मध्ये लोकांसाठी खुली झाली. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी खासगी मालकीच्या वास्तूंत परक्यांना तिकीट घेऊन येऊ देणे अनेक जमीनदारांना कमीपणाचे वाटे. कार्वालो यांनी १९२४ मध्ये 'ला दमर इस्तोरिक' ही ऐतिहासिक घरांच्या मालकांची संघटना स्थापन केली आणि जुन्या वास्तू टिकवायच्या तर त्या लोकांना दाखवल्या पाहिजेत, हा विचार रुजवला. ही संस्था अजून कार्यरत आहे. फ्रेंच शासनाने १९३४ मध्ये विलाँद्रीला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. जोआकिम कार्वालो यांचे १९३६ मध्ये निधन झाले. मालमत्ता अद्याप त्यांच्या वंशजांकडे आहे. युनेस्कोने २००० साली सुली-स्यूर-लोआर ते शालोन या दरम्यानच्या लोआर खोऱ्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या पट्ट्यात विलाँद्रीचा समावेश होतो.

वारसा-संवर्धनाची तत्त्वे मात्र याच काळात बदलत गेली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जीर्णोद्धाराची मर्यादा आखली : जेथे अनुमान सुरू होते, तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. ऐतिहासिक बागांविषयीची १९८१ ची फ्लॉरेन्स सनद याहून पुढे गेली. मूळ बाग पूर्णतः नाहीशी झाली असेल आणि तिच्याविषयी केवळ तर्क करणे शक्य असेल, तर नव्या रचनेला ऐतिहासिक बाग म्हणता येणार नाही, अशी भूमिका तिने घेतली. ही कसोटी १९०८ मध्ये असती, तर कार्वालो यांचा आराखडा मंजूर होण्याची शक्यता फारशी नव्हती. इंग्रजी बगीचाही तोडता आला नसता.

या मुद्द्यावर अभ्यासकांत दोन प्रवृत्ती दिसतात. एक बाजू विलाँद्रीकडे सोळाव्या शतकाचे खात्रीशीर चित्र म्हणून पाहण्यास नकार देते आणि प्रवाशांना तसे सांगितले जाणे दिशाभूल करणारे आहे, असे मानते. या आक्षेपात तथ्य आहे. दुसरी बाजू म्हणते की, शंभराहून अधिक वर्षे सलग राखली गेलेली ही बाग आता स्वतःच एक ऐतिहासिक दस्तऐवज झाली आहे. सोळाव्या शतकाचा नव्हे, तर विसाव्या शतकाच्या आरंभी प्रबोधनकाळाकडे कसे पाहिले जाई, याचा. कमानींच्या ओवऱ्यांत उभे राहून पाहताना या दोन काळांची सीमारेषा डोळ्यांना जाणवत नाही. ती दाखवणारी एक खूण मात्र गढीतच आहे. ओवऱ्यांचा त्यूफो दगड शतकांच्या पावसाने झिजलेला आहे, आणि खिडक्यांत कार्वालो यांनी बसवलेल्या दांड्यांच्या कडा अजून धारदार आहेत.